ताडपत्रीखालचा बुधवार

शेतकी खात्याने दिलेल्या चित्रातलं पाखरू तळहाताएवढं होतं. बुलू मारेक्को गावच्या लोकांनी ते नीट निरखलं, पंख मोजले, आणि असलं जनावर आपल्या डोंगरावर नाही असा एकमुखाने निर्वाळा दिला. चित्र हाजी पतोंगाईंच्या घराच्या खांबावर ठोकलेलं होतं, कारण गावात जे काही ठोकायचं ते तिथेच ठोकायची पद्धत होती. दोन वर्षं ते तिथे राहिलं. त्या दोन वर्षांत कोकोची फळं आतून दगड होत गेली, आणि तळहाताएवढं पाखरू काही दिसलं नाही एवढंच समाधान लोकांकडे उरलं.

पिकलेलं कोकोचं फळ कानाशी धरून हलवलं की आत बिया खुळखुळतात. आता खुळखुळत नव्हत्या. फळं अवेळी पिवळी पडत. फोडावं तर बिया एकमेकींना अशा चिकटलेल्या की सुरीच्या टोकाने उचकटाव्या लागत. त्यातल्या निम्म्या पोचट. कुणी पावसाला दोष दिला, कुणी नव्या खताला. अंबो उपेने शेजारच्या डोंगरावरच्या लोकांच्या नजरेला दिला. पण तो सर्दीसुद्धा तिकडूनच येते म्हणायचा.

इंतांगने कुणालाच दोष दिला नाही. तिला तेवढी सवड नव्हती. ती मूळची सोप्पेंगची. तिथे तिची आई रेशमाचे किडे पाळायची. घरात माणसांना झोपायला जागा कमी आणि किड्यांच्या परड्यांना जास्त. विसाव्या वर्षी लग्न होऊन ती या डोंगरावर आली. नवऱ्याने आणि तिने मिळून हाजींच्या उतारावर कोकोची सहाशे झाडं लावली. बोली अशी होती की झाडं फळाला लागली की निम्मी लावणाऱ्याची. जमीन मात्र मालकाचीच. म्हणजे झाड उभं आहे तोवर हक्क उभा. झाडं फळाला लागली तसा नवरा समुद्रापलीकडे साबाहला कामाला गेला, आणि तिथे त्याला इतकं काम लागलं की नऊ वर्षांत परत यायला वेळ मिळाला नाही. दर ईदला तो शर्ट पाठवायचा. पुरुषाचा. शर्ट तिच्याकडे राहायला येत होता, माणूस नाही, असं अंबो उपे म्हणायचा. तो नवऱ्याचा चुलतभाऊ होता, त्यामुळे त्याला असं म्हणायची मुभा होती.

आणि आता हाजींनी जाहीर केलं होतं की या हंगामानंतर कोको तोडायचा आणि मका पेरायचा. निम्म्या मक्याचं वचन कुणी कुणाला दिलेलं नव्हतं.

एका दुपारी तिला फळांच्या टोपलीला चिकटलेलं वाळकं पान सापडलं. पानाच्या खोबणीत तांदळाएवढा कोश होता, मेणकट, आरपार दिसणारा. दुसऱ्या कुणी तो अंगठ्याने पुसून टाकला असता. पण खाणं सोडून चालू लागलेली अळी आजारी नसते, घर बांधायला निघालेली असते, हे जिला चालता येण्याआधी कळलं होतं, तिने ते पान चहाच्या पेल्यात ठेवलं आणि पेल्याच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. मग आई करायची तसं एक दोरा घेतला आणि रोज सकाळी एक गाठ मारू लागली. सातव्या गाठीला पेल्यात डासासारखं काहीतरी बसलेलं होतं.

एकावर तिचा विश्वास बसणार नव्हता. तिने चिकटलेली फळं टोपलीत ठेवली, त्यांतून अळ्या स्वतःच्या पायांनी बाहेर येताना पाहिल्या. पाठीवर हिरवट झाक, सुताच्या तारेवर लोंबकळत खाली उतरणाऱ्या. त्यांनी तसेच कोश केले. त्यांतून तेच डास निघाले. मग तिने पाच-सहा डास आणि एक निर्मळ हिरवं फळ जाळीच्या टोपलीखाली कोंडलं. दोन दिवसांनी फळाच्या खाचेत नारिंगी ठिपके दिसले, सुईच्या टोकाएवढी अंडी. ते गेले तिथे भोकं राहिली, दिसतील न दिसतील अशी. अठराएक गाठींनंतर त्याच फळातून अळी बाहेर आली आणि पान शोधू लागली. दोऱ्यावर एक अख्खा जन्म तयार झाला: अठ्ठावीस गाठी.

पेला आणि दोरा घेऊन ती हाजींकडे गेली. हाजी जिन्यावर बसून मुहूर्तांची वही वाचत होते. ही वही त्यांच्या आजोबांनी उतरवून काढलेली. घर बांधायचं, बोट सोडायची, मुलीला मागणी घालायची ती तिला विचारून. अक्षर बारीक होतं, म्हणून हाजींच्या हातात कायम एक भिंग असे.

"डास आहे," पेल्यात बघून ते म्हणाले.

"पुआंग," ती म्हणाली, मालकाला इथे असंच म्हणत, "भिंग लावून बघा."

"डास बघायला भिंग? मला रोज संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अंगावर बसतात म्हटल्यावर ओळखपण आहे."

"एकदाच बघा."

त्यांनी भिंग लावलं. पंखावर आडवी नागमोडी पांढरी रेघ होती. टोकाला पिवळा ठिपका. मिशा अंगापेक्षा लांब, मागे वळवलेल्या. ते उठले, खांबावरच्या चित्रापाशी गेले, भिंग चित्राला लावलं, पुन्हा पेल्याला लावलं.

"चित्रातलं मोठं आहे," ते म्हणाले.

"चित्रातली अळी पण सापाएवढी आहे, पुआंग. नीट दिसावं म्हणून मोठं काढलंय."

अंबो उपे तिथे कॉफी प्यायला आलेला होता. तो बहुधा असायचाच. "म्हणजे त्यांनी डास काढला," तो म्हणाला, "आणि आपण दोन वर्षं गरुड शोधत बसलो."

हाजी हसले नाहीत. या डोंगरावर कोको त्यांनीच आणला होता, तरुणपणी, साबाहहून, कमरेच्या लुंगीत बिया बांधून. या झाडांबद्दल त्यांना न कळलेलं काही एका रेशीमवालीच्या मुलीने सांगावं, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली सावकाश उतरत होती.

"मग फवारतो आम्ही ते?"

"अळी फळाच्या पोटात असते, तिला औषध पोचत नाही. पाखरू दिवसा आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला बसतं, आणि आपण फवारतो पानांवर. जगतं आठवडाभर. त्या आठवड्यात त्याला अंडी घालायला फळ मिळालं नाही तर वंश संपला."

"फळ कसं मिळणार नाही? डोंगर भरलाय."

"रिकामा करायचा. बोटाएवढी फळं ठेवायची, त्याहून मोठी सगळी उतरवायची. चाळीसही घरांनी, एका दमात. आणि उतरवली की लगेच फोडून सालं पुरायची."

"हिरवीसुद्धा?"

"हिरवीसुद्धा."

हिरवी फळं उतरवणं म्हणजे दोन महिन्यांचं पीक मातीत घालणं. अंबो उपेने कॉफीचा पेला खाली ठेवला, हे क्वचित घडे.

"चार महिने," हाजी शेवटी म्हणाले. "राहिलेली बोटं पिकेपर्यंत. त्या दिवशी करवतवाला अंगणात बसलेला असेल. वीस फळं मी निवडीन. खुळखुळली तर झाडं राहतील."

"आणि नाही खुळखुळली तर?"

"तर निदान त्याची खेप फुकट जायची नाही."

दिवस इंतांगनेच ठरवला, दोऱ्यावरून. हाजींनी घरोघर निरोप धाडला, आणि रविवारी सगळा डोंगर झाडांवर चढला. सोमवारी संपेल वाटलं होतं. मंगळवारी दिवस मावळायला संपलं. इथली घरं उंच खांबांवर उभी; फळांचे ढीग घरोघरी त्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, घराखालच्या सावलीत रचले गेले. एकट्याने फळं फोडायची चाल नव्हती. नातलग जमायचे, चिकट भात शिजायचा, पहिलं फळ हाजी फोडायचे, मग बाकी घरं. इंतांग मंगळवारी संध्याकाळी हाजींकडे उद्याची वेळ विचारायला गेली, तेव्हा ते वही मिटून बसले होते.

"उद्या नाही," ते म्हणाले. "उद्या सफर महिन्यातला शेवटचा बुधवार."

हिजरी वर्षातला सगळ्यांत अशुभ दिवस; त्या बुधवारी कुणी काहीही सुरू करत नाही. सुईत दोरा ओवत नाही. सगळं गाव नदीवर जातं, तीन बुड्या मारतं, वर्षाची पीडा धुऊन घरी येतं.

"मग गुरुवारी?"

"गुरुवार फोडण्या-कापण्याला वाईट. शुक्रवारी नमाज. शनिवारी सकाळी बसू."

तिने कमरेचा दोरा काढला आणि बोटांनी गाठी चाचपल्या. रविवारी उतरवलेल्या फळांतून त्याच संध्याकाळी अळ्या निघू लागल्या असणार. कोशात सहा-सात दिवस. शनिवारी लोक ढिगाभोवती भाताची ताटं घेऊन बसतील तेव्हा पाखरं वर उडत असतील. झाडांवर विखुरलेली कीड तिने चाळीस घरांना उचलून आणायला लावली होती, आणि माणसांच्या पायाखाली सावलीत उबवायला ठेवली होती.

"तुला माहीत नव्हतं?" हाजींनी विचारलं.

"मी अळ्यांचे दिवस मोजले, पुआंग. चंद्राचे विसरले."

"सोप्पेंगला चंद्र उगवत नाही वाटतं."

"आपणही बोलला नाहीत."

"मला वाटलं, एवढ्या गाठी मारतेस, तर एक आमच्यासाठी मारली असशील."

फोडायला सांगणं शक्य नव्हतं. तिच्या शब्दाखातर अशुभ दिवशी कोयता उचलणारं घर या डोंगरावर नव्हतं, अंबो उपेचंसुद्धा नाही. पण अंगणात कुंपणाला बिया वाळवायची निळी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती. प्रत्येक घरी असते. या दिवसांत वाळवायला काही नव्हतं.

"पुआंग, झाकणं हे काम सुरू करण्यात मोडतं का?"

हाजींनी वही उघडली. भिंग पानावरून फिरलं, मागच्या पानावर गेलं, परत आलं. इंतांग त्या भिंगाकडे बघत उभी राहिली.

"मेलेल्याला त्या दिवशीही झाकतातच," ते शेवटी म्हणाले. "झाका."

रात्र पडायच्या आत निरोप चाळीस घरी पोचला: ढिगावर ताडपत्री, कडा मातीने दाबलेल्या, शनिवारपर्यंत कुणी उचलायची नाही. अंबो उपेने वाटेत त्यात स्वतःचं घातलं की उचलेल त्याच्या घरी पाखरं कानात शिरतील. इंतांगने ते खोडून काढलं नाही.

बुधवारी सकाळी गाव नदीवर गेलं आणि ती एकटी घरोघर फिरली. प्रत्येक घराखाली वाकायचं, कडा चाचपायच्या, जिथे फट तिथे पायाने माती लोटायची. एकोणचाळीस ढीग झाकलेले होते. चाळिसावा, सगळ्यांत मोठा, हाजींच्या घराखाली उघडा पडला होता.

ती जवळ गेली. सुताच्या तारांवर अळ्या उतरत होत्या. काही जमिनीवर पोचून वाळक्या पानांकडे निघाल्या होत्या, काही खांबावर चढत होत्या, अजिबात घाई नसल्यासारख्या. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या खालच्या अंगाला तिने बोट फिरवलं. तांदूळ सांडल्यासारखं खरखरीत लागलं.

ती धावत नदीवर गेली. काठावर हज्जा बुंगावली, म्हणजे हाजींची बायको, तिघी सुनांसह ऐसपैस बसून केळ्याची भजी खात होत्या. खाली निळी ताडपत्री होती.

"हज्जा, ही ताडपत्री?"

"आमचीच आहे ग. बस की. भजं घे."

"ही ढिगावर हवी होती!"

"मग मी काय चिखलात बसू? या वयात? धुतलेल्या लुंगीनं?"

"सगळा डोंगर झाकलाय, हज्जा. फक्त तुमचा ढीग उघडा आहे. तुमच्या एका घरातून सगळ्यांची झाडं—"

आवाज चढला हे तिला उशिरा कळलं. नदीतली माणसं थांबली होती. कमरेएवढ्या पाण्यात हाजी पतोंगाई उभे होते, डोक्यावरची पांढरी टोपी तेवढी कोरडी. चाळीस घरांदेखत, पीडा धुवायच्या दिवशी, त्यांच्या अर्धेलीने त्यांच्या घराला नाव ठेवलं होतं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"रविवारी निघाल्या त्या धरून? परवा रात्रीपासून पाखरं सुटतील."

हाजींनी टोपी काढून मुलाच्या हातात दिली, तिन्ही बुड्या मारल्या, आणि वर आल्यावर तिच्याकडे न बघता काठ चढून घराकडे गेले.

"वहिनी," अंबो उपे हळूच म्हणाला, "मक्याचं बी आणायला कधी जाऊया?"

गुरुवारी ती त्या बाजूला फिरकली नाही. शुक्रवारीही नाही. दिवसभर आपल्या उतारावर झाडांखाली फिरत राहिली, आडव्या फांद्यांची खालची अंगं बघत. करवतवाल्याला बोलवायला हाजींना चार महिने थांबायची काही सक्ती नव्हती; बोली त्यांनी केली होती, मोडायलाही तेच होते. वाऱ्याने फांदी वाजली तरी तिचा हात कमरेच्या दोऱ्याकडे जाई.

शनिवारी सकाळी डोंगरभर ताडपत्र्या उचलल्या गेल्या, आणि लोक फळं फोडायचं विसरले. निळ्या कापडाच्या आतल्या अंगाला, घडीघडीत, कोशच कोश चिकटलेले होते. काहींतून आदल्या रात्री निघालेली पाखरं बाहेरची वाट न मिळून कापडालाच बसून होती: नागमोडी रेघ, पिवळा ठिपका, लांब मिशा. बायका पोरांना बोलावून दाखवू लागल्या. तळहाताएवढं पाखरू शोधणारी माणसं नखाएवढं पाखरू एकमेकांना दाखवत होती, आणि आपल्याला आधीपासून संशय होताच असंही सांगत होती. ताडपत्र्या साबणाच्या उकळत्या पाण्यात बुडवल्या. इंतांगला आईची कढई आठवली. तिथेही शेवट असाच व्हायचा, फक्त त्यातून रेशीम निघायचं.

पण पहिलं फळ हाजींनी फोडायचं होतं, आणि हाजी आलेले नव्हते. शेवटी तीच गेली.

ते घराखाली होते. गुडघ्यांवर, टोपी मागे सरकलेली, एका हातात भिंग, दुसऱ्यात सुपारी कातरायचा जुना चाकू. समोर नारळाची करवंटी, तिच्यात कोश. जिन्याच्या पायऱ्या, खांब, तक्तपोशीची खालची बाजू, सगळं खरवडून पांढरं झालेलं होतं. ढिगावर ताडपत्री होती, कडा मातीने दाबलेल्या.

"कधीपासून, पुआंग?"

"गुरुवारपासून. फोडण्या-कापण्याला वाईट आहे म्हटलं होतं. खरवडण्याबद्दल वहीत काही नाही." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तीनशे बेचाळीस."

तिने खांब बघितले, पायऱ्यांखाली हात फिरवला. गुळगुळीत. वरून हज्जा बुंगावलींचा आवाज आला, "सांग ग त्यांना! दोन दिवस जेवायलासुद्धा वर आले नाहीत. मी ताटं जिन्यावरून सोडत्येय."

मग इंतांगचं लक्ष खांबावरच्या चित्राकडे गेलं. दोन वर्षांत त्याचा खालचा कोपरा सुटून वळला होता. तिने तो दोन बोटांनी उचलला. कागदाच्या मागे, खांबाला लागून, कोश होते. हाजींनी भिंग लावलं. ती मोजत होती, तेही मोजत होते, ओठ हलवून.

"सव्वीस," हाजी म्हणाले.

"त्यातले चार रिकामे आहेत."

दोघांनी घराबाहेर, उताराकडे पाहिलं. ऊन चढलं होतं. झाडं जिथल्या तिथे उभी होती, नुसती पानं आणि बोटाएवढी फळं. चार पाखरं त्यात कुठेही असू शकत होती, किंवा सरडा त्यांचा नाश्ता करून ऊन खात असेल.

"त्यात माद्या किती?"

"ते रिकाम्या कोशावरून कळत नाही, पुआंग."

हाजींनी चित्र खांबावरून काढलं, मागचे कोश चाकूने खरवडले, आणि ते पुन्हा ठोकलं. या वेळी चारही कोपऱ्यांना खिळे मारले. मग फळं फोडायला गेले.

चार महिने दोघांमध्ये त्या चारांबद्दल शब्द झाला नाही. इंतांग रोज झाडांमधून फिरे, बोटाएवढी फळं वितीएवढी होताना बघे, खाचांमध्ये नारिंगी ठिपके शोधे, आणि सापडला नाही की नीट पाहिलं नाही म्हणून पुन्हा शोधे. एका संध्याकाळी तिला उताराच्या वरच्या टोकाला भिंगाची चकाकी दिसली. हाजीही फिरत होते. ती दुसऱ्या वाटेने घरी आली.

ठरल्या दिवशी करवतवाला अंगणात कॉफी पीत बसलेला होता, करवत शेजारी. हाजींनी वीस फळं स्वतः तोडून आणली. सगळी त्या कोपऱ्यातली, जिथे दोन वर्षं एकही बी सुटी निघाली नव्हती. अंबो उपे पहिल्या रांगेत होता. हज्जा बुंगावली ताडपत्रीवर बसल्या होत्या, आणि ती आज वाळवायचीच होती हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

हाजींनी पहिलं फळ कानाशी धरलं. हलवलं. अंगणात एवढी शांतता होती की मागे उभ्या असलेल्यांनाही खुळखुळ ऐकू आली.

दुसरं. तिसरं. चौथं मुकं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. इंतांगने दोऱ्याची गाठ मुठीत धरली. नववं वाजलं, पण अर्धवट. तेही बाजूला गेलं. चौदावं मुकं. मग ओळीने सहा वाजली. शेवटचं हाजींनी दोनदा हलवलं. त्याची गरज नव्हती.

"तीन," ते म्हणाले.

"तीन आहेत, पुआंग," ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "म्हणजे एकदा करून संपत नाही. दर आठवड्याला पिकलेली उतरवायची, त्याच दिवशी फोडायची, सालं पुरायची. एक आठवडा चुकला तरी पाखरं परत येतील."

"दर आठवड्याला? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

हाजींनी करवतवाल्याकडे पाहिलं. तो पेला ठेवून उठला होता, कुठून सुरुवात करू अशा बेताने.

"आलाच आहेस," हाजी त्याला म्हणाले, "तर मागचा वाळलेला फणस पाड. खेप फुकट नको." मग वही आणि भिंग घेऊन जिन्यावर बसले आणि पान उलटू लागले. "आठवड्याचा वार कुठला धरायचा?"

"कुठलाही धरा, पुआंग. फक्त सांगून ठेवा तेवढं."

"आणि सफरचा शेवटचा बुधवार आडवा आला तर?"

इंतांगने बाजूला ठेवलेली ती तीन फळं उचलून टोपलीत घातली. त्यातल्या अळ्या अजून आतच होत्या, आणि तिला घरी जाऊन नवा दोरा काढायचा होता.

"झाकू," ती म्हणाली. "हज्जांना बसायला मी चटई आणीन."